भाऊंनी लिहिलेलं कलम

आमच्या मंडळाची घटना बारा पानांची आहे. तिच्यातलं नववं कलम भाऊंनी माझ्या स्वयंपाकघरात बसून तोंडी सांगितलं आणि मी लॅपटॉपवर टाइप केलं. त्या कलमाचा उपयोग आजवर एकदाच झाला, आणि तो भाऊंवरच झाला. वॉटर्लूतली माणसं आता ते सगळं विसरत चालली आहेत. मला विसरता येत नाही, कारण ते कलम भाऊंना लागू होतं की नाही हे शेवटी माझ्या साक्षीवर ठरलं.

भाऊ माझे सख्खे कोणी नव्हते. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीसाठी आम्ही कॅनडातल्या वॉटर्लूला आलो, त्या पहिल्याच हिवाळ्यात ते मला देशी ग्रोसरीच्या दुकानात भेटले. मी फोनवर आईला सांगत होते की इथे सगळं मिळते, पण अंबाडी काही मिळत नाही बाप्पा. मागून एक जाड आवाज आला, "फ्रोझनमध्ये पाय ना बाई, पालकाच्या मागं." मी वळून पाहिलं तर पन्नाशीचा एक उंच माणूस, लोकरी टोपी कानांवर ओढलेली, हातात कांद्याची पिशवी. नागपूर सोडून मला चार महिने झाले होते. नवरा पुण्याचा. ऑफिसात इंग्रजी, इतर भारतीयांशी हिंदी. त्या चार महिन्यांत 'पाहा ना'ला 'पाय ना' म्हणणारं मला कोणी भेटलं नव्हतं. मी दुकानातच रडू लागले. त्यांनी फ्रीजरचं दार उघडलं. अंबाडीचं पाकीट काढून माझ्या ट्रॉलीत ठेवलं आणि म्हणाले की रविवारी जेवायला या, आमची मंडळी गोळाभात करते.

तेव्हापासून ते माझे भाऊ आणि मी त्यांची बाई. वहिनींनी मला माहेर दिलं असं म्हणते मी नेहमी, पण खरं सांगायचं तर माहेरची बोली भाऊंनी दिली. घरी मी नवऱ्याशी त्याच्यासारखं बोलते. माझी मुलगी शाळेत जायला लागल्यावर इंग्रजीत विचारायची, भाऊकाकांशी बोलताना तू वेगळीच का वाटतेस. तिला काय सांगणार? तिथेच मी मला माझ्यासारखी वाटत होते.

भाऊ इकडे येण्याआधी वकील होते. जिल्हा कोर्टात नऊ वर्षं प्रॅक्टिस केली होती. कॅनडात त्या सनदेला कोणी विचारलं नाही. परीक्षा पुन्हा द्यायच्या तर वर्षं जाणार, आणि पदरी दोन मुली. ते गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागले आणि तिथेच शिफ्ट सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. पण त्यांच्या बेसमेंटमध्ये एक भिंतभर कायद्याची पुस्तकं होती. कुठल्या देशाची घटना कधी लिहिली गेली, तिच्यात काय राहून गेलं, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. आम्ही कंटाळायचो. वहिनी म्हणायच्या, ऐकून घ्या, नाहीतर ते मला ऐकवतील.

म्हणून मंडळ रीतसर करायचं ठरलं तेव्हा घटना लिहायचं काम त्यांच्याकडे आपसूक गेलं. आधी मंडळ म्हणजे पंधरा-वीस कुटुंबं आणि एक गणपती. मग कंपन्या वाढल्या, विद्यापीठात मुलं येऊ लागली, आणि कम्युनिटी सेंटरने सांगितलं की हॉल हवा असेल तर नोंदणी करा. भाऊंनी मला मदतीला घेतलं. माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. कुठे काय मोडू शकतं ते आधी शोधायचं, ही माझी रोजची नोकरी. ते म्हणाले, असंच माणूस पाहिजे.

दोन महिने दर शनिवारी सकाळी ते आमच्याकडे यायचे. चहाचा कप हातात धरून स्वयंपाकघरात येरझारा घालायचे आणि सांगायचे, मी टाइप करायची. खिडकीबाहेर नवरा ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढत असायचा. आठ कलमं झाली. नववं आलं तेव्हा ते खुर्चीत बसले.

जवळच्याच एका गावात तेव्हा दुसऱ्या एका मंडळाची दोन शकलं झाली होती. अध्यक्ष निवडणूक हरले आणि खुर्ची सोडायला तयार नव्हते. भाऊ म्हणाले की आपल्याकडे हे होऊ द्यायचं नाही. मग त्यांनी मला शेजारच्या देशाची गोष्ट सांगितली. तिथे यादवी युद्ध झालं, ज्यांनी घटनेची शपथ घेतली होती त्यांच्यातलेच कितीतरी बंडात सामील झाले, आणि युद्ध संपल्यावर तीच माणसं पुन्हा निवडून यायला निघाली. तेव्हा त्या देशाने घटनेत कलम घातलं. ज्याने शपथ घेतली आणि मग बंड केलं, त्याला पुन्हा पद नाही. ही बंदी उठवायची तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत. भाऊंना ते कलम फार आवडायचं. ते म्हणायचे की यात तुरुंग नाही, दंड नाही, कोणाला हाकलायचं नाही. माणूस गावात राहू शकतो, मत देऊ शकतो, जेवायला येऊ शकतो. फक्त ज्या खुर्चीचा त्याने घात केला ती खुर्ची त्याला पुन्हा मिळत नाही.

आमचं नववं कलम त्यांनी तसंच सांगितलं. पद घेताना प्रत्येकाने शपथ घ्यायची की मी घटना पाळीन, निवडणुकीचा निकाल मान्य करीन आणि मुदत संपली की किल्ल्या आणि दप्तर शांतपणे पुढच्याच्या हाती देईन. ही शपथ घेतलेल्या पदाधिकाऱ्याने बळाने किंवा धाकाने निकाल उलटवायचा प्रयत्न केला, किंवा करणाऱ्यांना साथ दिली, तर तो मंडळात पुन्हा कुठल्याही पदावर येणार नाही. बंदी उठेल ती सभेत हजर असलेल्या सभासदांच्या दोन तृतीयांश मतांनी.

मी टाइप केलं आणि सवयीने तपासलं. मग मी म्हटलं, "भाऊ, चौथ्या कलमात आपण 'अध्यक्ष आणि पदाधिकारी' असं लिहिलं आहे. इथे नुसतं 'पदाधिकारी'. मग अध्यक्ष यात येतो का?"

ते हसले. "अध्यक्षालेच तर पयले लागू होते, बाई. चपराशी थोडाच बंड करते?"

शब्द घालू का, असं मी विचारलं. ते म्हणाले की कायद्यात जादा शब्द म्हणजे भाजीत जादा पाणी. मी घातला नाही. ती माझी चूक. माझ्या नोकरीत अशी चूक मी कोणाला करू दिली नसती.

पुढची बरीच वर्षं छान गेली. भाऊ दोनदा सचिव झाले, मग अध्यक्ष. प्रत्येक वेळी ते नवा कोट घालून यायचे आणि घटनेच्या छापील प्रतीवर हात ठेवून शपथ घ्यायचे. तरुण मुलं गालात हसायची, कारण बाहेर समोसे थंड होत असायचे. भाऊंना त्याचं काही नव्हतं. मी कॅनडाची नागरिक झाले त्या दिवशीही ते कोट घालून आले होते. समारंभात मी हात वर करून शपथ घेतली, आणि बाहेर पार्किंग लॉटमध्ये मला एकदम पोरकं वाटलं, कारण आता जुना पासपोर्ट परत करायचा होता. ते म्हणाले की शपथ म्हणजे आधीचं पुसणं नसतं, पुढचं बांधून घेणं असतं. मी त्यांचा शब्द खरा मानला. त्यांचे बहुतेक शब्द मी खरे मानत होते.

साथीच्या पहिल्या वर्षी वहिनी गेल्या. दवाखान्यात भाऊंना आत जाऊ दिलं नाही. अंत्यसंस्काराला मोजून माणसं. आम्ही गाडीतच बसून राहिलो, काच वर केलेली. मुली आपापल्या संसारात, एक टोरंटोच्या कडेला एटोबिकोत, एक फार लांब. भाऊ त्या घरात एकटे राहिले. मी आठवड्यातून दोनदा डबा दारात ठेवून यायची आणि ते खिडकीतून हात करायचे. मंडळाचं काम तेव्हा ऑनलाइन चालायचं. ते दिवसातून चार-चार ईमेल पाठवायचे, कोणी वाचो न वाचो. मला दिसत होतं की त्यांच्या दिवसाला आता तेवढाच एक खांब उरला आहे. दिसत होतं आणि मी काही बोलले नाही.

साथ ओसरल्यावर निवडणूक आली. भाऊ पुन्हा उभे राहिले. त्यांच्यासमोर उभी राहिली नाशिकची एक तरुण इंजिनियर, जी इथे शिकायला आली होती आणि आता इथेच नोकरी करत होती. त्या हिवाळ्यात बरेच विद्यार्थी सभासद झाले. कॉलेज, पार्ट-टाइम काम, पीआरची म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याची चिंता, आणि रविवारी कोणाच्या तरी हातचं वरणभात मिळावं म्हणून मंडळ. भाऊंच्या मनात बसलं की ही मुलं फक्त मत द्यायला आणली आहेत. मी निवडणूक अधिकारी होते. यादी मी स्वतः तपासली होती. मतदानाच्या तीन महिने आधी सभासद असलं पाहिजे हा नियम भाऊंचाच, आणि यादीतलं एकही नाव त्याबाहेरचं नव्हतं. मी त्यांना यादी दाखवली. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले की कागद बरोबर असला म्हणून गोष्ट बरोबर होत नाही. हे त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकलं.

मतदान रविवारी दुपारी झालं. हॉलशेजारच्या छोट्या खोलीत मी आणि आणखी एक सभासद बाई मोजायला बसलो. ती बाई नर्स, माझ्याच वयाची, कमी बोलणारी. भाऊ थोड्या मतांनी हरले. आम्ही पुन्हा मोजलं, तेवढंच आलं. मी भाऊंना आत बोलावून आधी त्यांना सांगितलं. वाटलं, हॉलमध्ये सगळ्यांसमोर कळण्यापेक्षा हे बरं. ते म्हणाले, जाहीर करू नको. मी म्हटलं की तसं करता येणार नाही. ते बाहेर गेले.

हॉलमधून त्यांचा आवाज ऐकू आला. निवडणूक चोरली गेली आहे, असं ते माइकवर सांगत होते. मग दार उघडलं आणि दहा-बारा माणसं आत घुसली. सगळी ओळखीची. ज्यांच्या घरी मी हळदीकुंकवाला गेले होते अशा घरांतली. एकाने मोजणीचा कागद फाडला. दुसरा मतपेटी ओढू लागला. नर्सबाईने पेटी सोडली नाही. ओढाताणीत ती मागे टेबलाच्या कडेवर आपटली आणि तिचं मनगट मोडलं. तो आवाज मला ऐकू आला.

भाऊ दारात उभे होते. त्यांनी कोणाला हात लावला नाही, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगते. पण ते 'थांबा' म्हणाले नाहीत. एक शब्द पुरला असता. मी त्यांच्याकडे पाहत होते, आणि ते माझ्याकडे न पाहता पेटीकडे पाहत होते.

पुढे तीन आठवडे त्यांनी स्टोअररूमच्या किल्ल्या आणि मंडळाच्या ईमेलचा पासवर्ड दिला नाही. रोज अध्यक्ष या नावाने पत्रं निघत होती. शेवटी कम्युनिटी सेंटरने कळवलं की भांडण मिटेपर्यंत हॉल कोणालाच मिळणार नाही. तेव्हा त्यांची धाकटी मुलगी एटोबिकोहून आली, किल्ल्या माझ्या दारातल्या टपालपेटीत टाकल्या आणि बेल न वाजवता गेली.

मग विशेष सभा. नवव्या कलमाची. भाऊंच्या बाजूने फ्लॅट विकणारे एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. चांगले बोलले. त्यांचं म्हणणं असं की नववं कलम पदाधिकाऱ्यांसाठी आहे. चौथ्या कलमात 'अध्यक्ष आणि पदाधिकारी' असं वेगवेगळं लिहिलं आहे. अर्थात अध्यक्ष हा पदाधिकारी नव्हे. म्हणून कलम भाऊंना लागूच होत नाही. हॉलमध्ये कुजबुज झाली. सभा चालवणाऱ्या आजोबांनी विचारलं की लिहिताना नेमका काय हेतू होता, हे कोणी सांगू शकेल का. लिहिताना दोघंच होतो. एकाच्या विरुद्ध सभा चालली होती. सगळे माझ्याकडे वळले.

'आठवत नाही' म्हणता आलं असतं. इतकी वर्षं झाली होती, कोणी दोष दिला नसता. भाऊ पहिल्या रांगेत बसले होते. वहिनींनी विणलेला करडा स्वेटर अंगात होता, कोपरावर उसवलेला. माझ्या मनात आलं की हा शिवून द्यायला हवा. पलीकडच्या खुर्चीवर नर्सबाई, हाताला प्लॅस्टर. मी उभी राहिले आणि जे झालं होतं ते सांगितलं. मी हाच प्रश्न तेव्हा विचारला होता, आणि भाऊ म्हणाले होते की अध्यक्षालाच तर पहिलं लागू होतं. चपराशाचं वाक्य मी सांगितलं नाही. त्याला लोक हसले असते.

आजोबांनी भाऊंना विचारलं की तुम्हाला यावर काही म्हणायचं आहे का. भाऊ उभे राहिले. "निवडणूक अधिकारी जे सांगतात ते बरोबर आहे," ते म्हणाले, आणि बसले.

निवडणूक अधिकारी. सांगतात. कोर्टात बोलावं तशी स्वच्छ प्रमाण मराठी. मी नोंदवहीत बघत राहिले. सभेने कलम लागू केलं. भाऊ उठून गेले, आणि त्या उन्हाळ्यात घर विकून एटोबिकोला मुलीकडे राहायला गेले.

त्यानंतरचं लिहायला सोपं नाही, कारण घडलं काहीच नाही. मी दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. पत्र लिहिलं, उत्तर नाही. मग मीही थांबले. गोष्टी चालू राहिल्या. नाशिकची मुलगी चांगली अध्यक्ष झाली. भाऊंच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं, त्यांनी पुढचं झुडूप काढून टाकलं. माझी एलआरटी, म्हणजे इथली ट्राम, त्या रस्त्यावरूनच जाते. पहिल्या वर्षी मी त्या स्टॉपला डोळे मिटून घ्यायची. आई गेल्यावर तर नागपुरी बोलायला कोणीच उरलं नाही. भावकीतल्या मंडळींशी फोनवर बोलते, पण ते आता माझ्याशी जपून, पुस्तकी बोलतात, परदेशातली बाई म्हणून. कधी भाजी करपली की मी एकटीच म्हणते, 'काय करून राहिली वो तू,' आणि आवाज स्वयंपाकघरात तसाच राहतो.

एका हिवाळ्यात शेजारच्या देशात ते जुनं कलम एकाएकी बातम्यांत आलं. ज्याच्यावर तिथे बंड केल्याचा आरोप होता त्याला पुन्हा निवडणूक लढवता येते का, यावर कोर्टात वाद सुरू झाला. एका संध्याकाळी टीव्हीवर दोन वकील भांडत होते की त्या कलमात राष्ट्राध्यक्ष येतो की नाही, कारण त्याचं पद शब्दात लिहिलेलं नाही. मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात घेऊन तशीच टीव्हीसमोर उभी राहिले. अख्ख्या कॅनडात या प्रश्नावर ज्याच्याशी बोलावं असं मला वाटत होतं तो एकच माणूस होता. पिठाच्या हाताने मी फोन उचलला, नंबर काढला, आणि लावला नाही. पुढे तिथल्या सर्वात वरच्या कोर्टाने तो प्रश्न बाजूलाच ठेवला. देशपातळीच्या पदांसाठी राज्यांनी हे कलम लावायचं नाही एवढंच सांगितलं. भाऊंना तो निकाल पटला नसता. पटला नसता असं मी धरून चालते. खरं तर आता मला ते ठाऊक नाही.

गेल्या वर्षी भाऊंच्या जुन्या मंडळींनी नोटीस दिली. नवव्या कलमाखालची बंदी उठवावी. माणूस सत्तरीच्या पुढे गेला, मंडळ ज्याने उभं केलं त्याच्या नावावर हा डाग कशाला. मला आनंद झाला, आणि लगेच प्रश्न पडला की मी मत काय देणार. मत देण्याआधी त्यांना भेटायचं मी ठरवलं. कळवलं नाही. कळवलं असतं तर नाही म्हणाले असते. सकाळची टोरंटोची बस घेतली, पुढे दोन बस बदलल्या, आणि एटोबिकोतल्या त्या उंच इमारतीखाली उभी राहिले. वरून विमानं इतकी खाली जात होती की त्यांची चाकं दिसत होती.

दार भाऊंनीच उघडलं. उंची कमी झाल्यासारखी वाटली. "या," म्हणाले. मला ते 'या' लागलं. मुलगी कामावर होती. त्यांनी चहा ठेवला, मी ओट्याजवळ उभी राहिले, आणि दोघंही दूध उतू जाईल म्हणून पातेल्याकडे बघत राहिलो. मी त्यांचे गुडघे विचारले. त्यांनी माझ्या मुलीचं कॉलेज विचारलं. दुसऱ्या कपाच्या वेळी ते म्हणाले, "वजन कमी करून राहिली का तू?" आणि मी पहिल्यांदा खुर्ची ओढून बसले.

मग मी नोटिशीचं काढलं. बंदी उठावी असं तुम्हाला वाटतं का, हे विचारलं. ते म्हणाले की पद मला आता कशाला, पण नाव साफ व्हावं असं वाटतं. मी विचारलं की त्या दिवशीबद्दल आता काय वाटतं. ते उठून खिडकीपाशी गेले. मला वाटलं, आता म्हणतील, चुकलं माझं. म्हणाले ते असं की ती पोरं मतासाठीच आणली होती, आणि एक दिवस तुला पण हे दिसेल.

"आणि तिचं मनगट?" मी म्हटलं.

"ते वाईट झालं," ते म्हणाले. "पण मी नाही मोडलं."

मी कप खाली ठेवला. एवढ्या लांब मी जे ऐकायला आले होते ते इथे नव्हतं. त्यांना ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण त्यांनी सरळ विचारलं, "तू कसं मत देशील?"

"विरोधात, भाऊ."

त्यांनी माझा कप स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "बंदी पदाची होती, बाई. बोलायची कोणी घातली होती?"

मी म्हटलं की मी दोनदा फोन केला, पत्र लिहिलं. ते म्हणाले की पत्र मिळालं. ड्रॉवरमध्ये आहे. उघडलं नाही, कारण त्यात माफी मागितली असेल अशी त्यांना भीती होती. खरं बोलल्याबद्दल तू माझी माफी मागितली असतीस तर मला सहन झालं नसतं, असं ते म्हणाले. मी सांगितलं की पत्रात माफी नव्हती, फक्त तब्येत कशी आहे असं विचारलं होतं. त्यावर ते पहिल्यांदा थोडे हसले, आणि जेवूनच जा म्हणाले. भात आणि काल उरलेलं वरण होतं. आम्ही जेवलो. निघताना ते लिफ्टपर्यंत आले.

सभा झाली. नर्सबाईने ठरावाच्या बाजूने मत दिलं. मला आश्चर्य वाटलं. ती नंतर कॉफीच्या टेबलाशी म्हणाली की माझा हात जुळला, म्हातारा माणूस आहे, मी कशाला धरून बसू. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू का नाही दिलंस? तुझे तर ते भाऊ."

मी म्हटलं, "म्हणूनच." तिला ते पटलं नाही, आणि मलाही नीट समजावता आलं नाही. तिने जे माफ केलं ते तिचं होतं, तिच्या हाताचं. मी मत देत होते ते कशावर, हे मला ठाऊक होतं. भाऊंनीच शिकवलं होतं. ज्याला आपण काय मोडलं हे अजून दिसत नाही त्याच्या हाती ते पुन्हा द्यायचं नाही. बाजूने मतं जास्त पडली, पण दोन तृतीयांश झाली नाहीत. बंदी राहिली.

निकाल मीच फोन करून सांगितला. त्यांनी आकडे विचारले, मी दिले. मनातल्या मनात हिशोब केला असावा, कारण थोड्या वेळाने म्हणाले की बरोबर आहे, कमी पडतात. तेव्हापासून ते महिन्यातून एखाद्या रविवारी फोन करतात. आम्ही नागपुरीत बोलतो. थंडी, गुडघे, मुलीच्या बाल्कनीतली मिरचीची झाडं. निवडणुकीचा विषय दोघंही काढत नाही. मला माझे भाऊ परत मिळाले असं लोक म्हणतात. मिळाले ते हेच, आणि मी त्यांच्यावर माया करते. पण शनिवारी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात येरझारा घालून मला निष्ठा म्हणजे काय ते सांगणारा माणूस मी अजून शोधते. फोनवर ते मधेच गप्प होतात, आणि दर वेळी मला वाटतं, आता ते एक वाक्य येईल. ते आलं तर दुसऱ्याच दिवशी ठराव मी मांडेन, घरोघरी जाऊन मतं मागेन. परवाच्या रविवारीही ते असेच थांबले. मग म्हणाले की मिरचीला कीड लागली आहे, काय टाकू. मी म्हटलं, साबणाचं पाणी मारून पाहा.